गुडघ्याची झीज आणि व्यायाम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गुडघेदुखीवर प्रश्न पाठवा असं आवाहन केलं, तेव्हा सिडकोपासून निफाडपर्यंतची पत्रं आली. बहुतेकांना निदान ठाऊक आहे: ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे गुडघ्याची झीज. अडलं आहे ते त्याच्या पुढे. कोणता व्यायाम, किती, किती दिवस, आणि करताना दुखलं तर काय? या वेळची उत्तरं तिथेच जास्त रेंगाळली आहेत.

प्रश्न: वय ५८. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेवर 'ग्रेड ३, गॅप कमी' असं लिहून आलं आहे. डॉक्टर व्यायाम करा म्हणतात. शेजारणी म्हणतात, आधीच घासलेला गुडघा व्यायामाने आणखी घासेल. कुणाचं ऐकू? (गृहिणी, सिडको)

डॉक्टरांचं ऐका, ताई. शेजारणींची भीती समजण्यासारखी आहे, पण गुडघ्याचं काम तसं चालत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, भार सुटला की सांध्यातलं वंगण आत शिरतं, आणि याच ये-जा करण्यातून तिचं पोषण होतं. गुडघा नुसता जपून ठेवला तर कूर्चेला हे मिळत नाही आणि स्नायूही वाळतात. मोजून-मापून दिलेला भार कूर्चेला मानवतो. घातक ठरतो तो एकदम वाढवलेला भार.

एक्स-रेबद्दल दोन गोष्टी. ० ते ४ ही ग्रेड लावण्याची पद्धत १९५७ पासूनची आहे. ग्रेड ३ म्हणजे सांध्यातली जागा नक्की कमी झाली आहे आणि कडांना हाडाचे काटे आले आहेत. पण दुखणं आणि ग्रेड यांचा मेळ फार वेळा बसत नाही. ग्रेड ४ असूनही बाजारहाट करणारे लोक असतात, तसे ग्रेड २ लाच जिना न चढवणारेही. दुसरं, एक्स-रे उभं राहून काढला होता का, ते विचारा. झोपून काढलेल्या फोटोत गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे गॅप आहे त्यापेक्षा बरा दिसतो. पुढे कधी तुलना करायची तर दोन्ही फोटो उभ्यानेच काढलेले हवेत.

आता खरा मुद्दा. गुडघ्यात दुखणं आणि सूज असली की मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, मज्जातंतूंच्या पातळीवरच आखडता हात घेतो. तुम्ही ताकद लावायला जाता आणि तो अर्धवटच आवळतो. 'चालता चालता गुडघा सटकतो' ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. स्नायू कमजोर झाला की प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर जातो, सांधा आणखी दुखतो, स्नायू आणखी सुस्तावतो. हे चक्र तोडण्यासाठी पुढचे पाच व्यायाम.

पहिला, मांडी आवळण्याचा. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली पंचाची साधारण तीन बोटं जाडीची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा, ५ ते ६ सेकंद धरा, सोडा. असे १० वेळा. दोन बोटं गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला टेकवून बघा: तिथला मांसल भाग टणक व्हायला हवा. तो मऊच राहिला आणि नितंब किंवा पाऊल ताठ झालं, तर व्यायाम भलत्याच ठिकाणी गेला. ही बोटांची तपासणी पहिला आठवडाभर रोज करा. हा व्यायाम बहुतेकांचा इथेच चुकतो आणि मग 'महिनाभर केला, फरक नाही' असं होतं. दम रोखू नका, मोठ्याने आकडे मोजा. बीपी असलेल्यांनी तर नक्कीच.

दुसरा, सरळ पाय उचलण्याचा. उताणं झोपा, दुसरा गुडघा वाकवून पाऊल टेकलेलं. दुखऱ्या पायाची मांडी आधी आवळा, मगच पाय उचला. उंची साधारण एक फूट, फार तर दुसऱ्या गुडघ्याइतकी. ५ सेकंद धरून सावकाश खाली. उचलताना गुडघा थोडा जरी वाकला तरी समजा स्नायू अजून तयार नाही. मग पुन्हा आठवडाभर पहिल्यावर थांबा. कंबर उचलली जात असेल तर पोट आत ओढून घ्या.

तिसरा, खुर्चीतून उठ-बस. हा सगळ्यांत मोलाचा, कारण कमोडवरून उठणं, रिक्षातून उतरणं ही सगळी कामं याच हालचालीची आहेत. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. साध्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर असते. ती जड जात असेल तर वर एक-दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एकेक काढा. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे पावलांच्या रेषेत. पुढे झुका, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठा. बसताना तीन-चार सेकंद घ्या. धपकन बसलात तर व्यायामाचा अर्धा भाग वाया जातो. इथे शरीर एक लबाडी करतं: सगळं वजन चांगल्या पायावर टाकतं. बाहेरून दिसत नाही, पण महिन्याने चांगला पाय आणखी मजबूत आणि दुखरा तसाच राहतो. उपाय सोपा आहे. चांगल्या पायाचं पाऊल अर्धी वीत पुढे ठेवा. मागे राहिलेल्या दुखऱ्या पायाला मग काम करावंच लागतं.

चौथा, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं. चवडा छताकडे वळू देऊ नका, टाच किंचित मागे ठेवा. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की चालताना गुडघा आत कलतो, म्हणून हा. पाचवा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलणं. चहा उकळेपर्यंत होऊन जातो.

मांडी आवळण्याचा व्यायाम रोज चालेल. बाकीचे चार एक दिवसाआड, ८ ते १२ वेळा, असे दोन ते तीन फेरे, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. सलग दोन वेळा १२ चे तीन फेरे आरामात झाले की भार वाढवा: पाय उचलताना घोट्याला अर्धा किलो वाळूची कापडी पिशवी बांधा, मग एक किलो, मग दीड. उठ-बशीत उशी काढा, नंतर हातात पाण्याच्या बाटल्या घ्या. भार न वाढवता वर्षभर तेच दहा करत राहिलात तर स्नायू पहिल्या दोन महिन्यांत जिथे पोचला तिथेच राहील. फरक जाणवायला ६ ते ८ आठवडे धरा आणि १२ आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

प्रगती मोजायची तर ३० सेकंदांत, हात छातीवर घडी घालून, किती वेळा खुर्चीतून पूर्ण उठता येतं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. ६० ते ६४ वयात बायकांचे १२ पेक्षा कमी आणि पुरुषांचे १४ पेक्षा कमी आले तर पाय सरासरीहून कमजोर मानतात. ६५ ते ६९ मध्ये हेच आकडे ११ आणि १२. तुमचं वय थोडं अलीकडचं आहे, म्हणून १२ ला समाधान मानू नका. दर पंधरवड्याला मोजा. दुखणं वर-खाली होत राहतं, त्यावरून अंदाज फसतो. हा आकडा फसवत नाही.

प्रश्न: फिजिओथेरपीची दहा सिटिंग घेतली. रोज शेक आणि दोन मशीन. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आता पुन्हा तेच. फिजिओथेरपीचा उपयोग नसतो का? (निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड)

तुम्हाला शेक मिळाला, फिजिओथेरपीचा मुख्य भाग मिळालेला दिसत नाही. टेन्स किंवा आयएफटी या सौम्य वीज सोडणाऱ्या यंत्रांच्या मुंग्यांनी दुखण्याची जाणीव काही तास बोथट होते. अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं यंत्र) आणि डायथर्मीनेही (विद्युतलहरींनी आतून शेक) तात्पुरती ऊब आणि सैलपणा येतो. स्नायूत ताकद यातल्या कशानेच येत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तर या झिजेसाठी विजेची यंत्रं देऊच नका असं म्हटलं आहे, आणि व्यायाम सर्वांना द्या असं. आमचं मत थोडं मवाळ आहे: फार दुखत असेल आणि दहा मिनिटांच्या यंत्राने पुढची अर्धा तास कसरत जमणार असेल तर लावा. यंत्र लावून घरी पाठवलं जात असेल तर पैसे वाचवा. पेसमेकर असलेल्यांनी यातलं कुठलंही यंत्र लावण्याआधी सांगायलाच हवं, आणि शरीरात धातूची पट्टी असेल तर डायथर्मीच्या आधी.

चांगल्या पहिल्या भेटीत काय व्हावं? गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, हे कोनमापकाने मोजावं. दोन्ही मांड्यांची ताकद तुलनेने पाहावी. खुबा आणि घोटा तपासावा, कारण खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. तुम्हाला चालवून, जिना चढवून बघावं. मग तीन ते पाच व्यायाम, प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहून. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या 'ग्लॅड' या गुडघा-खुब्याच्या झिजेसाठीच्या कार्यक्रमात देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, एकूण १२ व्यायाम-सत्रं असतात. सिटिंगचा आकडा तुमच्या दहाच्या जवळच आहे. फरक त्या तासात काय होतं याचा आहे.

पदवी विचारायला संकोच नको. आपल्या नाशिकच्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. (फिजिओथेरपीची पदवी) आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसायला हवा. महिनाभराच्या कोर्सवर 'थेरपिस्ट' म्हणवणाऱ्यांच्या हाती गुडघा देऊ नका. जोर लावून वाकवल्यामुळे सुजलेले गुडघे त्यातूनच येतात.

प्रश्न: रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाच किलोमीटर चालतो. संध्याकाळी डावा गुडघा सुजतो. चालणं बंद करू का? (वय ६४, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त)

बंद नको, तोडून करा. व्यायामाचं माप दुखण्यावर ठेवायचं. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होणार नाही. चालताना २ पर्यंत असेल तर निर्धास्त. ५ पर्यंत चालवून घेता येतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर परतलं पाहिजे. २४ तासांनंतरही वाढलेलंच असेल किंवा सूज आली असेल, तर कालचं माप जास्त झालं. तुमच्या बाबतीत सूज रोजची आहे, म्हणजे पाच किलोमीटर आज तरी जास्त आहेत.

सूज खरी आहे का, हे असं बघा. पाय लांब करून बसा. वाटीच्या आतल्या बाजूची खळगी तळहाताने वरच्या दिशेला दोनदा पुसून रिकामी करा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा. आतली खळगी पुन्हा फुगून आली तर सांध्यात पाणी आहे.

आठवडाभर सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १० मिनिटं चाला. सूज नसेल तर प्रत्येक खेपेला दोन-तीन मिनिटं वाढवा आणि आठवडाभर तिथेच राहा. एकदम मोठी उडी मारली की पुन्हा सूज, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शक्यतो सपाट, मातीच्या ट्रॅकवर चाला. पांडवलेणीचा चढ सध्या सोडा. बूट पुढे बोटांपाशी वाकणारे आणि टाचेला घट्ट हवेत. तळ एका बाजूला झिजलेले जुने बूट घरात असले तर टाकून द्या.

चालण्याने हृदयाला आणि साखरेला फायदा होतो, मांडीची ताकद मात्र त्याने पुरेशी वाढत नाही. चालतो म्हणून वरचे व्यायाम नकोत असं समजू नका. सूज असेल त्या संध्याकाळी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं. नुसता आखडलेपणा असेल तर गरम शेक, तोही १५-२० मिनिटंच. मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी असतील तर शेक दुसऱ्या कुणाच्या हाताने तपासून घ्या. न कळता भाजतं.

प्रश्न: आई ६१ वर्षांची. कांद्याची लावणी, खुरपणी सगळं उकिडवं बसून. आता उठताना कोणाचा तरी हात लागतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेते, त्याने बरं वाटतं म्हणते. शेतात जाणं बंद करायला सांगितलं तर ऐकत नाही. (निफाड तालुका)

आधी उशी. ती आजपासून काढायची. गुडघा अर्धवट वाकवून ठेवला की सांध्यातला ताण कमी होतो, म्हणून बरं वाटतं. पण रात्रीचे सात-आठ तास तो वाकलेलाच राहिला तर मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं, आणि गुडघा पूर्ण सरळ होणं थांबतं. पाच-दहा अंशांची ही उणीव छोटी वाटते. तिच्यामुळे उभं राहताना मांडी सतत आवळलेली ठेवावी लागते आणि माणूस लवकर थकतो, लंगडतो. त्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा टाचेखाली उशी किंवा गुंडाळी ठेवून, गुडघा अधांतरी सोडून ५ मिनिटं बसायला सांगा. मागे ताण जाणवेल, तो हवाच आहे. रात्री कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली तर चालते.

आता शेत. सपाट चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकावा लागतो, जिन्याला ८० ते १००. उकिडवं बसायला १३० च्या पुढे. इतक्या वाकलेल्या अवस्थेत वाटीखालचा दाब फार वाढतो, आणि त्यात तासन्‌तास सरकत जायचं. शेतात जाऊच नका हे सांगणं आम्हालाही पटत नाही. पोटाचं काम आहे, आणि घरी बसवलेली माणसं लवकर खचतात. काम वाटून घ्या. उकिडवं बसायचं काम २० मिनिटं, मग उभ्याने किंवा चालून करायचं काम, मग पुन्हा बसणं. खुरपणीला लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल कोळपं वापरता येईल तिथे वापरा. लावणीला वीतभर उंचीचा हलका पाट सोबत न्या. तेवढ्यानेही कोन कमी होतो. कांदा प्रतवारी, निवडणं हे खुर्ची-टेबलावर बसून होतं. खळ्यात जमिनीवरच बसलं पाहिजे असं नाही. द्राक्षबागेत विरळणीचं काम उभ्याचं असतं, ते अशा गुडघ्याला तुलनेने बरं. फक्त मधूनमधून एक पाय कॅरेटवर टेकवायचा.

जमिनीवरून उठताना दोन्ही पायांवर एकदम जोर देऊ नये. आधी एका कुशीवर वळून हात टेका, गुडघ्यांवर या, चांगला पाय पुढे घेऊन त्याचं पाऊल टेका, त्या मांडीवर दोन्ही हात दाबून उठा. गुडघ्यावर येणं टोचत असेल तर खाली गोणपाटाची घडी. घरात कमोड नसेल तर भारतीय बैठकीवर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, आणि भिंतीला एक पक्की दांडी बसवा. हा खर्च आधी करा, औषधी तेलाच्या बाटल्या नंतर. पूजा आणि जेवण चौरंगावर किंवा खुर्चीत. देवाला ते चालतं.

निफाडच्या थंडीत सकाळी आखडणं जास्त असणार. उठल्याउठल्या अंथरुणातच टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवणं-सरळ करणं २० वेळा, मग पहिलं पाऊल. अर्ध्या तासात मोकळं झालं तर ते झिजेचंच. तासाभराहून जास्त आखडलेलं राहत असेल, हाताची बोटंही सुजत असतील, तर वेगळ्या संधिवाताची तपासणी करून घ्या. त्याचे उपचार निराळे आहेत.

प्रश्न: चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं आहे, तीन महिने हाताशी आहेत. पायऱ्या चढणं योग्य आहे का? काठी कोणत्या हातात धरायची? (वय ६६, देवळाली)

गडाच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला महागात पडतं, कारण उतरताना मांडीच्या स्नायूला ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन झेलावं लागतं. तेव्हा चढून जा आणि फनिक्युलर ट्रॉलीने उतरा, असा मधला मार्ग आम्ही सुचवू. दर्शन झाल्यावर पाय थकलेले असतात, पडायची वेळही तीच.

तयारीचे पहिले सहा आठवडे वरचे व्यायाम. मग पायरीचा सराव. घराच्या जिन्याची सगळ्यांत खालची पायरी, एक हात कठड्यावर. दुखरा पाय पायरीवर ठेवा आणि त्याच्याच जोरावर वर चढा, खालच्या पायाने जमिनीला ढकलू नका. ८ वेळा, दोन फेरे. पायरी उंच वाटत असेल तर आधी १० सेंटिमीटरची पक्की फळी घ्या. चौरंग किंवा प्लास्टिकचा स्टूल मुळीच नको, कलंडतो. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का, हे समोर आरसा ठेवून बघा. ती आत झुकत असेल तर कुशीवरचा व्यायाम वाढवा. दहाव्या आठवड्यापर्यंत न थांबता चार मजले चढता आले, आणि दुसऱ्या दिवशी सूज नसली, तर गडावर दर पन्नास पायऱ्यांना थांबत जाता येईल. नाहीतर जातानाही ट्रॉली, कसलाही कमीपणा न मानता.

फार दुखत असताना पायऱ्यांचा नियम एकच: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात काठी, आणि काठी व उजवं पाऊल बरोबरच टाकायचं. पुष्कळ जण दुखऱ्याच बाजूला धरतात, त्याने शरीर तिकडेच झुकतं. उंची मोजताना बूट घालून उभं राहा, हात सैल सोडा: काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला. रामकुंडाच्या ओल्या घाटावर तर नक्की.

प्रश्न: वजन ८२ किलो. गुडघे दुखतात म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून वजन. सुरुवात कुठून करू? (इंदिरानगर)

ताटापासून, आणि पाण्यापासून. चालताना एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तुमचं लक्ष्य दहा टक्के, म्हणजे आठ किलो, सहा ते नऊ महिन्यांत. भात-पोळीचा एक घास कमी करताना डाळ, उसळ, ताक, अंडं कमी करू नका. नुसतं उपाशी राहून उतरलेल्या वजनात मांडीचा स्नायूही जातो, आणि तोच तर हवा आहे.

छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, कमरेइतक्या पाण्यात निम्मा. पोहता येत नसलं तरी तलावाच्या उथळ बाजूला पुढे, मागे, बाजूला चालणं, कठडा धरून पाय मागे-पुढे करणं, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मात्र टाळा, गुडघ्याला पिळ पडतो. तलाव लांब असेल तर व्यायामाची सायकल. सीट एवढी उंच, की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असणं ही सायकलवर गुडघा दुखण्याची सगळ्यांत नेहमीची चूक.

प्रश्न: नी-कॅप, ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, गुडघ्यातलं इंजेक्शन: यातलं काय घ्यावं? (नाशिक रोड)

नी-कॅपने ऊब आणि थोडा आधार वाटतो. बाहेर जाताना घाला, झोपताना काढा. त्याने स्नायू मजबूत होत नाही. ग्लुकोसामाइनवर आम्ही तरी पैसे घालवणार नाही. 'नाइस'नेही ते देऊ नका असंच म्हटलं आहे. डायक्लोफेनॅकचं जेल लावणं गोळ्यांपेक्षा बरं. दुखण्याच्या गोळ्या किडनी, पोट आणि बीपी यांचा विचार करून डॉक्टरांनीच द्यायच्या.

स्टेरॉइड इंजेक्शनने काही आठवडे चांगला आराम पडतो. तो आराम व्यायाम सुरू करायला वापरलात तर त्याचं सोनं होतं. २०२० मध्ये अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वर्षअखेर इंजेक्शनपेक्षा फिजिओथेरपी घेतलेल्यांचं दुखणं आणि हालचाल दोन्ही बरी निघाली. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस गुडघ्याला विश्रांती, मग हळूहळू सुरुवात.

प्रश्न: सासूबाई ७१ वर्षांच्या, दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेत. सांधा बदलायला सांगितलंय. फिजिओथेरपीने टळेल का? (पंचवटी)

वाकलेलं हाड व्यायामाने सरळ होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ऑपरेशनचा निर्णय एक्स-रेवरून किंवा वयावरून घेऊ नका. रात्रीची झोप मोडते का, घरातल्या घरात फिरणं अवघड झालंय का, आणि तीन महिने भार वाढवत मनापासून व्यायाम करूनही फरक नाही का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर ऑपरेशन पुढे ढकलण्यात फायदा नाही. उशीर फार झाला तर मांडी इतकी वाळते, की नवा सांधा बसूनही चालणं सुधारायला वेळ लागतो. दुर्बिणीने गुडघा धुऊन घेण्याचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नकार द्या. २००२ मध्येच, नुसत्या चिरा देऊन केलेल्या खोट्या ऑपरेशनशी तुलना करून त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं होतं.

तारीख ठरली तरी व्यायाम थांबवू नका. ऑपरेशनआधीचे सहा आठवडे उठ-बस आणि हातांची ताकद वाढवा, कारण वॉकरवर सगळा जोर हातांचा. घरातली सतरंजी, वायर, उंबऱ्याजवळचं पायपुसणं काढून ठेवा. ऑपरेशननंतर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ आणि साधारण ९० अंशांपर्यंत वाकता व्हायला हवा. घरी परतल्यावर 'आता आराम करा' म्हणणारे पाहुणे पुष्कळ येतील. व्यायामाची वेळ झाली की त्यांना बाहेरच्या खोलीत बसवा.

आणि हे मात्र कुणीही घरी थांबून पाहू नये: तापासह लाल, गरम झालेला गुडघा, पोटरी एकाएकी सुजून ठणकणं, गुडघा मध्येच अडकून सरळच न होणं, किंवा पडल्यावर पायावर भार न देता येणं. त्यात पोटरीच्या सुजेबरोबर धाप लागली तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, आणि पोटरी चोळायची नाही.